गेमिंग आणि संगीतनिर्मितीचा संगणक : सगळे पैसे ग्राफिक्स कार्डावर नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मर्यादित पैशांत संगणक जुळवणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर जे मार्गदर्शन छापून येते, ते बहुतेक वेळा केवळ गेम खेळणाऱ्यांच्या गरजांवर बेतलेले असते. ग्राफिक्स कार्ड जितके मोठे परवडेल तितके घ्यावे आणि बाकीचे भाग उरल्यासुरल्या पैशांत बसवावेत, असा त्याचा एकंदर सूर असतो. फक्त गेम खेळायचे असतील तर या सल्ल्यात फारसे वावगे नाही. परंतु त्याच यंत्रावर गाणी ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या, त्यांचे संयोजन आणि मिक्सिंग करू पाहणाऱ्या तरुणांची त्यातून दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

संगीताचे काम हलके असते आणि ते कोणत्याही संगणकावर निभावते, असा एक समज आहे. वेळेच्या बाबतीत मात्र ते गेमपेक्षा कितीतरी कडक आहे. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम तयार करायला संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येऊ नये म्हणून ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (म्हणजे ध्वनीची सेकंदाला ४८,००० मोजमापे, अर्थात सॅम्पल, घेताना) १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा) ठेवला, तर ध्वनीचा प्रत्येक तुकडा २.७ मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावाच लागतो. गेममधली एखादी फ्रेम उशिरा आली तर पडद्यावर क्षणभर अडखळल्यासारखे वाटते आणि खेळ पुढे सरकतो. ध्वनीचा तुकडा उशिरा आला तर ‘कट्’ असा आवाज येतो, आणि तो ध्वनिमुद्रणात उतरला की ती ओळ पुन्हा गाण्यावाचून गत्यंतर नसते.

हा भार जवळजवळ सगळा प्रोसेसर उचलतो, ग्राफिक्स कार्डाचा त्यात सहसा काहीही हातभार नसतो. एखाद्या ट्रॅकवर सिंथेसायझर, त्यापुढे इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी प्लगइनची (ध्वनी घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरची) साखळी लावली, तर आधीच्याचे काम हातात आल्याशिवाय पुढच्याला सुरुवातच करता येत नाही, त्यामुळे ती साखळी साधारणपणे एकाच कोअरवर (प्रोसेसरमधील एका स्वतंत्र गणनाघटकावर) चालते. वेगवेगळे ट्रॅक मात्र वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर अर्धासुद्धा वापरात दिसत नसताना आवाज फाटू लागतो, त्यामागे बरेचदा हेच कारण असते. म्हणून जुन्या पिढीतील, पुष्कळ पण संथ कोअर असलेला प्रोसेसर स्वस्तात मिळत असला तरी त्यापेक्षा अलीकडचा, वेगवान सहा कोअरचा प्रोसेसर मला दोन्ही कामांसाठी अधिक योग्य वाटतो. रायझन ५ ५६०० किंवा इंटेल कोअर आय५-१२४०० हे २०२२ साली आलेले प्रोसेसर आजही या कामाला पुरे पडतात. येथे नावातील साम्याने मात्र फसू नये. रायझन ५ ५५०० मध्येही सहाच कोअर आहेत, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधीलच जलद स्मृती) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाशी जोडणारा मार्ग) चौथ्या नव्हे, तिसऱ्या पिढीचे आहे. आरएक्स ६६०० सारखी, या मार्गाच्या आठच लेन (पदर) वापरणारी ग्राफिक्स कार्डे त्याला जोडली की काही गेममध्ये हा फरक जाणवतो.

पैसे एकदम उभे राहत नसतील, तर मी ग्राफिक्स कार्डाची खरेदी पुढे ढकलण्याचा सल्ला देईन. त्यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय हवी. आय५-१२४०० मध्ये ती आहे. त्याच क्रमांकापुढे ‘एफ’ लागलेल्या प्रोसेसरमध्ये ती नाही, आणि रायझन ५ ५६०० मध्येही नाही. अशा यंत्रावर संगीताचे काम पहिल्या दिवसापासून कोणतीही कसर न राहता सुरू होते, आणि कार्ड पुढे सवडीने बसवता येते. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे मोठे कार्ड घेऊन प्रोसेसर आणि रॅम यांवर हात आखडता घेतल्यास, पुढे प्रोसेसर बदलावा लागतो आणि कित्येकदा त्याबरोबर मदरबोर्डही.

रॅमच्या बाबतीत १६ जीबी ही सुरुवात समजावी. पियानो किंवा वाद्यवृंदाच्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचे संग्रह) वापरायच्या असतील तर ३२ जीबी घ्यावी, कारण ही सॉफ्टवेअर प्रत्येक स्वराचा सुरुवातीचा अंश रॅममध्ये भरून ठेवतात आणि उरलेला भाग वाजवता वाजवता डिस्कवरून ओढतात. याच कारणाने सॅम्पल एसएसडीवरच असावेत. त्यासाठी सर्वांत वेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेण्याची गरज नाही, त्याहून संथ, साधी साटा प्रकारची एसएसडीही पुष्कळांना पुरते. रॅम एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी म्हणजे ड्युअल चॅनलचा (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होण्याचा) लाभ मिळतो, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, चालू करायला विसरू नये, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते.

पॉवर सप्लायवर कात्री लावू नये, असे मी आवर्जून सांगेन. आरएक्स ६६०० सारखे कार्ड सुमारे १३२ वॉट घेते, त्यामुळे ५५० वॉटचा चांगला सप्लाय या जोडणीला भरपूर झाला. डब्यावरचे ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेच्या वापरातील कार्यक्षमता सांगते, आतील भागांचा दर्जा किंवा संरक्षणाची व्यवस्था सांगत नाही. आवाजाचा विचारही येथेच करावा. ज्या खोलीत मायक्रोफोन लागणार, त्याच खोलीत हे यंत्र घरघरणार आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा टॉवर कूलर आणि भार नसताना पंखे थांबवणारे ग्राफिक्स कार्ड यांचा उपयोग रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा खचितच जास्त आहे.

या साऱ्यातून काही रक्कम ऑडिओ इंटरफेससाठी (मायक्रोफोन आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणासाठी) बाजूला ठेवावी लागते, आणि नेमकी तीच हिशेबातून सुटते. मदरबोर्डवरील साउंडला सहसा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (ध्वनी कमीत कमी उशिराने पोहोचवणारा ड्रायव्हर) नसतो, त्यामुळे बफर फार खाली आणता येत नाही. दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेसही येथे मोठा फरक घडवतो. एवढे करूनही आवाज तुटत राहिला तर नवे भाग घेण्याआधी ड्रायव्हर तपासावेत, कारण वायफायचे किंवा ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर कधीकधी प्रोसेसरला क्षणभर अडवून धरतात. लेटन्सीमॉन या सॉफ्टवेअरने दोषी ड्रायव्हर बरेचदा हाती लागतो.

आपणास विनंती अशी, की यापुढे प्रोसेसरची किंवा तयार जोडणीची परीक्षणे छापताना गेममधील फ्रेमच्या आकड्यांसोबत आणखी एक आकडा द्यावा : १२८ सॅम्पलच्या बफरवर, एकच ठरावीक प्लगइन लावलेले किती ट्रॅक आवाज न तुटता चालले. ही चाचणी कोणत्याही ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या प्रती वाढवत नेऊन सहज करता येते.

आपला,
एक नियमित वाचक