हाती पाना नसलेल्या मोटारी

मा. संपादक,
स. न.

विज्ञान पुरवणीतला, रेणूंच्या मोटारी वापरून वस्तू बांधण्यावरचा लेख आवडला, पण सोबतचं चित्र खटकलं. चिमुकले यंत्रमानव हातात पाने घेऊन सुटे भाग बसवताहेत! मी रसायनशास्त्र शिकवते. हेच चित्र मुलांच्या डोक्यातून काढण्यात माझे दोन तास जातात.

कायनेसिन ही अशीच एक रेणूची मोटार. हे प्रथिन पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे प्रथिनांच्याच बारीक नळ्यांवरून चालतं. एटीपी हा रेणू त्याचं इंधन. एका एटीपीत एक पाऊल, तेही 8 नॅनोमीटरचं. काय बांधायचंय याचा त्याला पत्ताही नसतो. प्रयोगात तर त्याला उताणं पाडतात. शेपूट काचेला चिकटलेलं, पाय वर, आणि पायांवर सूक्ष्मनलिका. गर्दीने हात वर करून बांबू पुढे पुढे द्यावा, तशा नलिका सरकत राहतात. 2005 साली हेनरी हेस आणि सहकाऱ्यांनी या नलिकांवर बायोटिन हा छोटा रेणू आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाविडिन हे प्रथिन चढवलं. स्ट्रेप्टाविडिनला बायोटिन धरायच्या चार जागा, म्हणजे फुकटचा डिंकच. सरकता सरकता नलिका एकमेकींना चिकटल्या, त्यांचे दोर झाले, आणि काही दोरांची चक्क वेटोळी झाली.

खरी गंमत इथे आहे. सूक्ष्मनलिका भलतीच ताठ असते. उष्णतेच्या धक्क्यांवर सोडली तर ती काही मायक्रोमीटरच्या वेटोळ्यात वळणं जवळपास अशक्यच. एरवीची स्वयंजुळणी, म्हणजे रेणूंचं आपोआप एकत्र जुळणं, उताराला लागलेल्या पाण्यासारखी असते. इथे मोटारी मागून रेटतात, नलिका वाकते आणि डिंक तिला तशीच धरून ठेवतो. लेखात याबद्दल एक ओळही नव्हती.

'हवी ती वस्तू बांधता येईल' हे लेखातलं वाक्यही घाईचं वाटलं. 1997 मध्ये नेडेलेक आणि सहकाऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या कायनेसिन मोटारी नलिकांमध्ये मिसळल्या, तेव्हा कधी भोवरे झाले, कधी तारे. सामान तेच, फरक मोटारींच्या प्रमाणाचा. शिवाय एटीपी संपला की रेटाही संपतो.

आणखी एक. रसायनशास्त्रज्ञ फेरिंगा यांची 1999 ची मोटार लेखात कायनेसिनच्याच पंक्तीला बसवली आहे. ती पेशीतली नव्हे, माणसाने रचलेली. प्रकाश पडला की जागच्या जागी गरगर फिरते.

पुढच्या वेळी चित्राऐवजी त्या वेटोळ्यांचं सूक्ष्मदर्शकातून टिपलेलं छायाचित्र छापावं, ही विनंती. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी ती कडी मुलं नक्की कापून वहीत चिकटवतील.

आपली,
एक शिक्षिका