खसखशीएवढी गोचीड

कनेक्टिकट, २२ जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर चिनूचं ऐकताना आई, तुझा आवाज कापला. मला तेव्हा धड सांगता आलं नाही. तो बरा आहे. औषधाचा आज सातवा दिवस, ताप गेलाय.

त्याला लाइम झाला होता, म्हणजे गोचीड चावून होणारा जंतूंचा आजार. ज्यावरून त्याला हे नाव पडलं ते लाइम आमच्यापासून अर्ध्या तासावरचं गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या पोरांचे गुडघे सुजायला लागले. पॉली मरे नावाची एक आई घरातलं एकेक दुखणं टिपून ठेवायची. ती आरोग्यखात्याच्या मागे लागली, तेव्हा येल विद्यापीठाचे डॉक्टर शोध घ्यायला आले. जंतू पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत सापडला. चिनू तापला त्या रात्री ही बाई सारखी माझ्या डोळ्यांपुढे होती.

त्याच्या पाठीवर लाल चट्टा होता. कोळी चावला असेल म्हणून मी हळद लावली. दुखत नव्हता, खाजतही नव्हता, म्हणून तीन दिवस थांबले. तेवढ्यात तो तळहाताएवढा पसरला. ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. डॉक्टरीणबाईंनी नुसतं बघून ओळखलं. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणीत बऱ्याचदा काही दिसतच नाही, म्हणून वाट न बघता डॉक्सिसायक्लिन हे जंतू मारणारं औषध सुरू केलं, दिवसातून दोनदा, दहा दिवस. दुधाबरोबर द्यायचं नाही, उन्हात फार जाऊ द्यायचं नाही. चट्ट्यात वर्तुळात वर्तुळ दिसतं असं मी ऐकलं होतं, पण याचा सगळा सारखाच लाल होता. अंगावर काढलं असतं तर गुडघा सुजू शकला असता, तोंडाची एक बाजू लुळी पडू शकली असती, हृदयाचे ठोकेही बिघडू शकले असते.

बाबा, तुम्ही विचारलंत, गोचीड दिसली कशी नाही? आपल्या गुरांवरची एरंडीच्या बीएवढी फुगते. इथली या दिवसांत खसखशीएवढी असते, चावलेलं कळतही नाही. लोक हरणांना दोष देतात, पण तिला जंतू मिळतो तो बहुतेक उंदरांकडून. चिकटल्यावर जंतू अंगात जायला सहसा एक दिवसाहून जास्त लागतो. म्हणून आता रोज संध्याकाळी मी त्याची काख, जांघ, कानामागे, केस, सगळं बघते. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. आजी रॉकेल लावायची, तसं करायचं नाही.

हे सगळं लिहिताना माझं अर्धं लक्ष आपल्या काजूच्या बागेत आहे. दोडामार्गाकडचा माकडतापही गोचिडीनेच येतो. पण तो विषाणूचा, चिनूच्या गोळ्या त्याला चालत नाहीत. तेव्हा ताप आला तर घरातलं काही घेऊ नका, सरळ आरोग्य केंद्रात जा आणि बागेत जाऊन आलो हे आधी सांगा. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता कळवा.

फिकट रंगाच्या दोन फुल पँट पाठवतेय, त्यांवर गोचीड चटकन दिसते. हंगामात बाबा, लुंगीवर बागेत जाऊ नका. आणि आई, परतल्यावर त्यांची पाठ तू बघ.

तुमची,
शैला