बाबा, मी कंपनीचा नाही, ठेकेदाराचा आहे

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. ताई आली की तिच्याकडून हे निवांत वाचून घ्या. फोनवर मूळ गोष्टीवर यायच्या आत आई जेवलास का विचारते आणि मग मला बोलवत नाही, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतोय.

बाबा, पालमच्या पाहुण्यांना तुम्ही सांगितलं ना की पोरगा चाकणला कंपनीत पर्मनंट आहे, ते तसं नाहीये. सहा वर्षं मी त्याच गेटातून आत जातो, त्याच लाइनवर उभा राहतो, पण कंपनीच्या रजिस्टरला माझं नाव नाही, ठेकेदाराच्या रजिस्टरला आहे. आणि तो ठेकेदारही आतापर्यंत दोनदा बदलला. माणसं तीच, मशीन तेच, फक्त ओळखपत्रावरचं नाव बदलतं. तुम्हाला सांगायची लाज वाटायची, घरी आलो की सगळे कंपनीवाला म्हणायचे तेव्हा मी पण गप्प बसायचो.

काम कसं असतं ते सांगतो. गाडी लाइनवर पुढे सरकत येते, डाव्या बाजूची चाकं एक पर्मनंट दादा बसवतो, उजव्या बाजूची मी. चाकाला पाच नट, त्याला पाच मला पाच, नट आवळायची गन पण सारखीच. त्याच्या बाजूचा नट ढिला राहिला तर जेवढा ओरडा बसतो तेवढाच माझ्या बाजूचा राहिला तर बसतो. पण त्याला ६० हजाराच्या वर पगार आहे आणि माझी पावती अशी आहे: एकूण १९,४००, त्यातून पीएफ १,८००, दवाखान्याच्या विम्याचे म्हणजे ईएसआय १४६, व्यवसाय कर २००, कॅन्टीन ६००, हातात १६,६५४. त्यातून खराबवाडीच्या खोलीचं भाडं, मेस, मग तुम्हाला पाठवतो ते.

मागच्या महिन्यात युनियनचा करार झाला. गेटवर गुलाल, हलगी, पेढे. त्या दादाने पहिला पेढा मलाच आणून दिला, माणूस खरंच चांगला आहे आणि त्यांनी लढूनच मिळवलंय म्हणून मला त्यांचा राग नाही. पण करारात आमच्याबद्दल एक ओळ नाही. कमिटीतल्या एकाला विचारलं तर म्हणाला, तुम्ही आमचे सभासद नाही, आम्ही तुमच्यासाठी सही कशी करणार. मग आमच्यासाठी सही करणार कोण हे मी रात्री खोलीवर येईपर्यंत डोक्यात घोळवत होतो.

दिवाळीला बोनस का आणत नाहीस असं आईने विचारलं होतं, तेव्हा मी काहीतरी सांगून टाळलं. आई, आमचा बोनस महिन्याच्या पगारातच टाकतात, ५८३ रुपये, म्हणजे ७ हजारावर ८.३३ टक्के. दिवाळीला मग फक्त मिठाईचा पुडा. कायद्यात ७ हजार किंवा किमान वेतन, जे जास्त असेल ते धरायचं असं होतं हे मला आत्ता कळलं, म्हणजे इतकी वर्षं कमीच मिळत आलं.

ग्रॅच्युइटीचं तर अजून वाईट. नोकरी सोडताना मिळायची ती रक्कम, पाच वर्षं सलग झाली की मिळते, माझी सहा झाली पण प्रत्येक ठेकेदार म्हणतो माझ्याकडे तू दोनच वर्षं होतास. पीएफचे दोन नंबर झालेत, जुन्यावर नाव चुकीचं टाकलंय, आधारशी जुळत नाही, आणि त्या ठेकेदाराने सोडल्याची तारीखच भरली नाही म्हणून पैसे इकडे घेता येत नाहीत. ती तारीख दोन महिन्यांनी आपली आपण ऑनलाइन टाकता येते म्हणे, पण त्यासाठी आधी नाव दुरुस्त व्हावं लागतं आणि त्यावर जुन्या ठेकेदाराची सही लागते, तो फोन उचलत नाही.

आई, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे उसने घ्यावे लागले ते पण ह्याच्यामुळेच. ईएसआयच्या जुन्या कार्डात तुमची दोघांची नावं होती, नवीन ठेकेदाराने नवीन नंबर काढला आणि त्यात फक्त माझं एकट्याचं नाव. दवाखान्यातून तुला परत पाठवलं तेव्हा तू म्हणालीस जाऊ दे, मला ते अजून जात नाही.

बाबा, तुम्ही दोघं ऊसतोडीला, कोयत्याला जायचात तेव्हा मुकादम उचल द्यायचा आणि हिशोब पण तोच करायचा, कारखान्याने त्याला किती दिले ते तुम्हाला कधी कळलं नाही. कंपनी माझ्यामागे ठेकेदाराला किती देते ते मला पण माहीत नाही. फड सुटावा म्हणून तुम्ही मला शिकवलंत, आयटीआय केला, आणि मी परत मुकादमाच्याच हाताखाली आलो, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आता मुद्द्याचं. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला, त्याच्या नियमातच लिहिलं होतं की कंपनीच्या कामगारासारखंच काम असेल तर कंत्राटी माणसाला पगार पण तेवढाच. म्हणून आम्ही ४३ जणांनी सह्या करून कामगार आयुक्तांच्या ऑफिसला अर्ज द्यायचं ठरवलंय, सोमवारी पुण्याला जाणार. पहिल्या पाचात माझी सही आहे. कदाचित गेटपास बंद करतील, तसं झालं तर एकदोन महिने पैसे कमी येतील. मी केलेलं तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी सांगतोय. सही मी मागे घेणार नाही, पण तुम्ही काय म्हणता ते मला ऐकायचंय.

पालमच्या पाहुण्यांना खरं सांगा. स्थळाला नाही म्हणाले तर म्हणू द्या.

आणि आईच्या आणि तुमच्या आधारचे फोटो ताईच्या फोनवरून पाठवा, दोन्ही बाजूंचे, कार्डात नावं घालायची आहेत. थेंब रोज टाकतेस ना आई?

तुमचा,
बाळू