गाडीची काळजी मिटेल, आधी पोती हलवा

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आईच्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. दुसरा डोळा त्यानंतर महिन्याभराने. म्हणजे शिमग्यापर्यंत तुम्ही दोघंही इथं माझ्याकडंच राहायचं, असं मी धरून चालले आहे. पण बाबा, तुम्ही परवा फोनवर म्हणालात, "आईला सोडतो आन् माघारी येतो, गाडी उभी राहिली की उंदरं वायर खातात." तेव्हापासून मनात घोळतंय. तुमची भीती खरी आहे. मी वर्कशॉपला रोज गाड्यांचीच बॉनेटं उघडते आणि थंडी सुरू झाली की उंदरांनी खाल्लेल्या गाड्या येतातच. पण गाडीपायी तुम्ही एकटे गावाकडं थंडीत राहावं, हे मला पटत नाही. फोनवर सांगितलं की अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

उंदीर गाडीसाठी येत नाही, बाबा. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी होत आली, पुढं तूरही कापली की रानातला आडोसा जातो. खायला काही उरत नाही आणि वरून थंडी. परभणीकडची थंडी तुम्हाला मी काय सांगू. मग त्यांना दाणा आणि ऊब दोन्ही लागतात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी आहे: एका अंगाला सोयाबीनची पोती आणि सरकी पेंड, दुसऱ्या अंगाला कडबा, मधे गाडी. दाणा खाऊन झाला की बाळंतपणाला गाडीइतकी बंदिस्त जागा त्यांना दुसरी मिळत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडं अशीच एक गाडी आली होती. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत कापूस, सीटचा कुरतडलेला फोम आणि पोत्याचे धागे यांचं गोल घरटं. फिल्टरच्या घड्यांमध्ये सोयाबीनचे दाणे एकेक करून रचून ठेवलेले. शेजारी इंजेक्टरची वायर तांब्यापर्यंत सोललेली. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. वायर त्याला आयती सापडते.

म्हणून पहिलं काम गाडीचं नाही, पोत्यांचं. भाव वाढेल म्हणून तुम्ही सोयाबीन धरून ठेवलंय, ते मला माहीत आहे. हमीभाव जाहीर झाला आहे, तेव्हा खरेदी केंद्रावर नोंदणी करून माल घालता आला तर घालाच. नाहीतर पोती आणि पेंड काकाच्या पक्क्या खोलीत हलवा, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. तुम्हाला १९९४ आठवत असेल. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, भीतीनं लोक घराबाहेर झोपायला लागले आणि धान्य आतच राहिलं. मग बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले. बंद घरं, आत राहिलेलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांचा संबंध तेव्हा लावला गेला होता. आपणही आता घर बंद करूनच निघणार आहोत, म्हणून सांगते. आई, बळदात काही शिल्लक असेल तर तेही काढून पत्र्याच्या कोठीत घाल.

आता गाडी. आतून झाडून, सीट मागंपुढं सरकवून, शेंगदाण्याची टरफलं, बिस्किटाचा चुरा, प्रसादाचे फुटाणे, सगळं काढायचं. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही बघायचं. काचा पूर्ण वर करायच्या. गाडी बंद करण्याआधी एसीचं हवेचं बटण आतल्या हवेवर ठेवायचं, म्हणजे बाहेरून हवा घेणारी झडप मिटते. पुढच्या काचेखाली जिथून ती हवा आत जाते तिथं आणि इंजिनाच्या एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला पाव इंची जीआय जाळी तारेनं घट्ट बांधायची. कोंबड्याच्या खुराड्याची जाळी चालणार नाही, तिची भोकं मोठी असतात. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून अंग काढतो. शेडच्या दाराखालची फट आणि घुशीनं भिंतीत पाडलेलं बीळ याच मापानं बघा. बिळात वाळू-सिमेंटबरोबर काचेचे तुकडे घालून लिंपा, नुसती माती ती परत उकरते.

गाडीवर कव्हर घालू नका. ते जमिनीपर्यंत लोंबतं आणि उंदरांना आयता आडोसा होतो. धूळ बसली तर बसू द्या, धुता येते. उलट बॉनेट दांडीवर उघडं ठेवा. उजेड आला की तिथं घर करायला ते कचरतात. सायलेन्सरमध्ये चिंधीचा बोळा मात्र कोणालाही कोंबू देऊ नका. काढायचा विसरला आणि गाडी सुरू केली तर धूर जाणार कुठं?

डांबरगोळ्या, कापूर, तंबाखूची पानं, यावर लोक फार भरवसा ठेवतात. वास उडाला की काही उरत नाही, आणि डांबरगोळ्यांचा वास सीटमध्ये असा मुरतो की आईला गाडीत बसवणार नाही. त्यापेक्षा भिंतीच्या कडेनं दोन-तीन पिंजरे लावा, कारण उंदीर मोकळ्यातून न जाता भिंतीला घासून जातो. आत तेल लावलेला भाकरीचा तुकडा किंवा भाजलेले शेंगदाणे. पिंजरे रोज बघायला हवेत, नाहीतर लावूच नयेत.

विषाबद्दल मात्र माझं ऐकाच, बाबा. ती काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. वाड्यात काकाची लहान पोरं खेळतात, मनी आहे, कुत्रं आहे. विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मेला तर तो काढायला अख्खा डॅशबोर्ड सोडवावा लागतो. धान्यात टाकायच्या गोळ्यांमधूनही तोच वायू निघतो, त्याही घरात नकोत. आणि शेडमागं ती धामण दिसली तर पोरांना काठी उचलू देऊ नका. तिच्याइतकं काम कोणताच पिंजरा करत नाही.

काकाच्या पोराला मी सांगून ठेवलंय. दर पंधरा दिवसांनी तो गाडी बाहेर काढून सेलूपर्यंत नेऊन आणेल. नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही, अर्धा तास गाडी पळायला हवी. किल्ली फिरवायच्या आधी इंजिनवर टॉर्च मारायचा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघायचा. उंदरीण वीसेक दिवसांत वितेही, म्हणून पंधरा दिवसांच्या वर अंतर नको. लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टो हा तापाचा आजार होतो. हातमोजे घालून, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून, थोडं थांबून ओल्या फडक्यानं पुसायचं. डॅशबोर्डवर एखादा दिवा पेटलेला दिसला तर गाडी तिथंच उभी करून मला व्हिडिओ कॉल लावायचा. वायर खाल्लेली असताना गाडी रेटली की शॉर्टसर्किटची भीती असते.

हे सगळं त्याच्याकडून करून घ्या. तुम्ही खुर्ची टाकून सांगा, पण गुडघा धरून गाडीखाली वाकू नका. आई, तू लक्ष ठेव, ते ऐकणार नाहीत. आणि साखर-बीपीची फाईल आठवणीनं पिशवीत टाक, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर ती मागणार आहेत.

बाबा, हुरड्याच्या वेळेला गावात नसाल, याचं तुम्हाला वाईट वाटेल, कळतं मला. काकाला म्हटलंय, शाळूची कणसं भरली की कोणाच्या तरी हाती इकडं पाठव.

पत्र मिळालं की शेडचे फोटो पाठवा, चारही कोपऱ्यांचे आणि बॉनेटच्या आतले. जाळी किती लागेल ते मी बघून कळवते, आणि पोती कधी हलवताय तेही सांगा.

तुमची लेक