रविवारची चर्चा : माहितीपट आधी पाहून या

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्याच खोलीत कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’वर चर्चा आहे. मुदुमलाईच्या जंगलात रघू या अनाथ हत्तीच्या पिल्लाला वाढवणारे बोम्मन आणि बेल्ली, एवढीच गोष्ट. २०२३ मध्ये या माहितीपटाला ऑस्कर मिळाले.

- माहितीपट घरी पाहूनच या, इथे दाखवणार नाही. पाऊण तासाचाही नाही, तेव्हा ‘वेळ मिळाला नाही’ चालणार नाही!
- सबटायटल्स लावा, पण आवाज मूळ तमिळच ठेवा. बेल्लीचा लाडिक सूर डबिंगमध्ये हरवतो.
- वनखाते रघूला दुसऱ्याकडे सोपवते, त्या प्रसंगावर जास्त बोलू. हत्ती नेमका कुणाचा?

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे. खुर्च्या मोजक्याच आहेत.