नाशिक-पुणे रेल्वेचे रूळ टाकण्याआधी जमीन तपासा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

नाशिक-पुणे रेल्वेच्या बातम्या मी इकडे इंग्लंडमध्ये बसून वाचत असतो, मूळचा संगमनेरचा आहे त्यामुळे मार्ग कुठून जाणार, स्टेशन कुठे होणार याची उत्सुकता आमच्या घरात सगळ्यांनाच आहे, आणि ही रेल्वे व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण या सगळ्या चर्चेत भूसंपादन येतं, मोबदला येतो, खोडदच्या जीएमआरटी या अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्ग बदलायचं येतं, फक्त ज्या जमिनीवरून रूळ जाणार तिच्या पोटात काय आहे ते आधी बघा असं कुणी म्हणताना दिसत नाही.

मी राहतो तो बकिंगहॅमशायरचा भाग लंडन-बर्मिंगहॅम हायस्पीड रेल्वेच्या, म्हणजे एचएस-टूच्या वाटेवर आहे. या प्रोजेक्टवर खर्चापासून झाडतोडीपर्यंत भरपूर टीका झाली आणि त्यातली बरीचशी मला पटते. पण एक काम त्यांनी नीट केलं, मोठ्या मशिनरी आणण्याच्या आधी मार्गावरच्या जमिनीत चाचणीचे चर खणून बघितले. आधी जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, मग मॅग्नेटोमीटर (जमिनीखालचे चुंबकीय फरक टिपणारं यंत्र) घेऊन शेतं चालून काढायची आणि त्यानंतर चर, एकेक साधारण ३० मीटर लांब आणि बकेटच्या रुंदीचा म्हणजे दोनेक मीटर. पूर्ण शेत उकरत नाहीत, साधारण दोन ते पाच टक्के जमीन उघडतात. जेसीबीला दात नसलेली सपाट बकेट लावतात आणि ड्रायव्हर अगदी पातळ पातळ थर काढत जातो, बाजूला पुरातत्त्वाचा माणूस डोळे जमिनीला लावून चालत असतो, मातीचा रंग जरा बदलला की हात वर करून मशीन थांबवतो, पुढचं काम थापी आणि ब्रशने. दिसतो काय तर नुसता काळपट गोल डाग, पण तिथे दोन हजार वर्षांपूर्वी घराचा खांब रोवलेला असू शकतो. तो डाग नेहमीच्या दाताच्या बकेटला कधीच दिसणार नाही, एका फटक्यात गेला.

आणि मिळालं किती! आमच्या जवळ वेंडोव्हरला पाचव्या-सहाव्या शतकातली १३८ थडगी सापडली, मणी, भाले, कंगव्यांसकट. नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये चिपिंग वॉर्डनजवळ लोहयुगातलं तीसेक गोल घरांचं गाव आणि त्याचंच पुढे झालेलं रोमन व्यापारी गाव, दहा मीटर रुंद रस्ता आणि ३०० च्या वर नाणी. ट्वायफर्डला एका जुन्या चरातून कुजकं लाकूड वाटलेली वस्तू निघाली ती कोरलेली माणसाची मूर्ती होती, ६७ सेंटीमीटर उंच, ओल्या चिकणमातीत हवा न लागल्यामुळे जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलेली. असं लाकूड एकदा उघडं पडून वाळलं की संपलं, म्हणून तिथे वेळेवर जाणकार माणूस हजर असणं हेच सगळं.

हे इंग्रज काही जन्मतः शहाणे होते असं नाही. १९८९ मध्ये लंडनला ऑफिस बिल्डिंग बांधताना शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ थिएटरचे अवशेष निघाले, केवढा गदारोळ झाला, नट-नट्या रस्त्यावर उतरल्या आणि १९९० मध्ये सरकारने प्लॅनिंगची नियमावली आणली, तेव्हापासून जो बांधणार त्यानेच आधी तपासणी करायची आणि खर्चही त्यानेच द्यायचा ही पद्धत रुळली. त्याच इंग्रजांनी आपल्याकडे काय केलं तर १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली हडप्पाच्या विटा फोडून घातल्या, पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख कनिंगहॅम याने लिहून ठेवलंय की सुमारे शंभर मैल पुरतील इतक्या. हडप्पाचं पद्धतशीर उत्खनन सुरू झालं १९२१ ला. मधल्या काळात काय काय गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता आपल्याकडे बघा. संगमनेरपासून थोड्याच अंतरावर प्रवरेकाठी जोर्वे आहे, १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी तिथे खणलं, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची लाल तोटीची भांडी मिळाली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या अख्ख्या संस्कृतीला या छोट्या गावाचं नाव मिळालं. खाली प्रवरेवर नेवासा, दायमाबाद, भीमा-घोडच्या खोऱ्यात चांडोली, इनामगाव, इथेही याच संस्कृतीच्या वस्त्या निघाल्या. हे लोक लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. ती मडकी काही पाताळात नाहीत, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात जेसीबीच्या पहिल्या दोन-चार फटक्यांत निघतील एवढ्याच खोलीवर असतात. दायमाबादची ती सुंदर ब्राँझची हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना अचानक मिळाली. अशी आणखी किती टेकाडं असतील ज्यांची कुठल्याच कागदावर नोंद नाही?

लोक म्हणतील कायदा आहे की. आहे, प्राचीन स्मारकांचा १९५८ चा, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगी घ्यायची. पण ते जाहीर झालेल्या स्मारकाला, मातीखाली जे अजून कुणी बघितलंच नाही त्याला कोण वाचवणार? दुसरं म्हणतील पुलांवरून रेल्वे नेली की प्रश्न मिटला, तसं नाही हो, प्रत्येक खांबाचा पाया खणावा लागतो, शिवाय स्टेशन, यार्ड, मुरूम काढायच्या खाणी, मालवाहू गाड्यांचे रस्ते. तिसरी भीती कामाला उशीर व्हायची. उलट आहे, काम अर्धवट झाल्यावर काही निघालं आणि कोर्टकचेरी झाली तर जो वेळ जातो तो आधी चर खणून वाचतो, कारण मार्ग कागदावर असताना पन्नास मीटर सरकवणं सोपं असतं. दुर्बिणीसाठी मार्ग बदलायचा विचार होऊ शकतो तर जोर्वे संस्कृतीसाठी का नको?

माझं म्हणणं एवढंच आहे की या रेल्वेच्या डीपीआरमध्येच (सविस्तर प्रकल्प अहवालात) पुरातत्त्व तपासणीचं वेगळं कलम आणि वेगळी रक्कम टाका. राज्याचं पुरातत्त्व खातं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पुरातत्त्वाची माणसं भूसंपादनाच्या मोजणीबरोबरच शेतात उतरली पाहिजेत. आणि मोजणीला येणाऱ्यांनी शेतकऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की तुमच्या रानात नांगराला खापरं कुठे लागतात, पांढरी माती कुठली आणून टाकता. ते त्यांना बरोबर माहीत असतं. आमदार-खासदार मंडळींनी हे पुढच्या बैठकीत मांडावं आणि आपल्या पेपरनेही ते लावून धरावं ही विनंती.

— एक वाचक, आयल्सबरी, इंग्लंड (मूळ गाव संगमनेर)