ॲव्हरेज अचानक घटलेल्या जुन्या गाडीचे निदान न करताच सुटे भाग बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी मी बारा वर्षांपासून वापरत असून तिचे सर्व्हिसिंग नेहमी आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेतले आहे. वर्षानुवर्षे लिटरला 15 किलोमीटरच्या आसपास चालणारी ही गाडी महिन्याभरातच 12 वर आली. त्याचे कारण शोधण्याऐवजी सर्व्हिस सेंटरने आधी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, मग ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजून पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करणारा भाग) बदलला आणि कशानेच फरक पडला नाही तेव्हा जॉब कार्डवर ‘गाडी जुनी असल्याने ॲव्हरेज कमी’ असा शेरा मारून गाडी परत दिली. माझी तक्रार या कार्यपद्धतीबद्दल आणि या शेऱ्याबद्दल आहे.

वरील आकडे डॅशबोर्डवरच्या अंदाजाचे नाहीत. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबायचे, ओडोमीटरची नोंद करायची आणि पुढच्या वेळी त्याच पद्धतीने भरताना किती लिटर लागले त्यावरून हिशेब काढायचा, अशी माझी जुनी सवय आहे. रस्ता, चालवण्याची पद्धत, टायरचे माप यांपैकी काहीही बदललेले नाही. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासलेली आहे. ब्रेक अडकत असता तर गाडी चालवून आणल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले लागले असते; तसेही आढळले नाही.

वयामुळे इंजिनाची झीज होते हे मला मान्य आहे. परंतु पिस्टन रिंगा आणि व्हॉल्व्ह हळूहळू झिजतात, त्यामुळे ॲव्हरेजही हळूहळू उतरते आणि बहुधा इंजिन ऑइल कमी होणे, धूर येणे, ओढ कमी होणे अशी लक्षणे सोबत दिसतात. माझ्या गाडीत यांपैकी एकही लक्षण नाही आणि सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची) चाचणीही केलेली नाही. मग वयाचा निष्कर्ष कशावरून काढला?

मला सर्वांत जास्त खेद याचा वाटतो की उत्तराचा धागा त्यांच्याच हातात होता. ऑक्सिजन सेन्सर बदलण्यापूर्वी त्यांनी स्कॅनर (इंजिनाच्या संगणकातील आकडे वाचणारे यंत्र) लावून काढलेला कागद माझ्याकडे आहे. गाडी बराच वेळ रस्त्यावर चालवून आणल्यानंतरच्या त्या नोंदीत कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान 64 अंश सेल्सिअस दाखवले आहे आणि इंधन नियंत्रणाच्या ओळीत ‘ओपन लूप, तापमान अपुरे’ अशी स्थिती आहे. आपल्याच पुस्तिकेनुसार या इंजिनाचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) 82 अंशांना उघडू लागतो, म्हणजे गरम झालेल्या इंजिनाचे तापमान त्याच्या खाली राहता कामा नये. ओपन लूपमध्ये संगणक ऑक्सिजन सेन्सरचे म्हणणे विचारातच घेत नाही. इंजिन अजून थंड आहे असे धरून तो ठरावीक हिशेबाने जादा पेट्रोल देत राहतो. ज्या सेन्सरकडे इंजिन पाहतच नव्हते तो सेन्सर बदलून ॲव्हरेज सुधारणार कसे? एअर फिल्टरचेही तसेच आहे. कार्बोरेटरच्या काळात तुंबलेल्या फिल्टरने पेट्रोल जास्त जात असे; फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्याचा परिणाम मुख्यतः ओढीवर होतो.

या नोंदीवरून दोन शक्यता ठळकपणे पुढे येतात. एक तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा आणि त्यामुळे इंजिन खरोखरच थंड राहत असावे, किंवा कूलंटचा तापमान सेन्सर चुकीचे, कमी तापमान सांगत असावा. दोन्हींत फरक करणे अवघड नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळपास सारखे दिसले पाहिजे. मग गरम इंजिनावर थर्मोस्टॅटच्या बाहेरील आवरणाचे तापमान वेगळ्या तापमापकाने मोजून ते सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहता येते. मी स्वतः थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून पाहिला आहे. थर्मोस्टॅट बंद असताना ती थंड राहून नंतर एकदम तापायला हवी. माझ्या गाडीत ती सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत जाते. त्यामुळे माझा संशय थर्मोस्टॅटवर आहे. हे सर्व मी सर्व्हिस अॅडव्हायझरला सांगितले, तेव्हा स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असे उत्तर मिळाले. कोड नोंदवला गेला नाही एवढ्यावरून सगळे ठीक आहे असे ठरत नाही. तसे असते तर प्रत्यक्ष आकडे पाहण्याची सोय स्कॅनरमध्ये कशाला दिली असती?

तरी आपल्या तांत्रिक विभागाच्या देखरेखीखाली गाडीची पुन्हा तपासणी करावी, चाचण्यांतील प्रत्यक्ष आकडे मला लेखी द्यावेत, आणि दोष मी म्हणतो तिथेच निघाल्यास विनाकारण बदललेल्या ऑक्सिजन सेन्सरची किंमत व मजुरी परत करावी. कॉम्प्रेशनची चाचणी न करता लिहिलेला वयाचा शेरा जॉब कार्डवरून काढून टाकावा, कारण गाडीच्या नोंदींमध्ये तो कायम राहणार आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

जॉब कार्डे, बिले आणि स्कॅनरचा कागद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपला ग्राहक